अलीकडचे चित्रपट, नाशिकची द्राक्षसहल आणि न दिसणारा बागायतदार

भुईकोट

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत पाहिलेले तीन मराठी चित्रपट आणि जानेवारीत कुटुंबासह केलेली नाशिकच्या द्राक्षमळ्यांची सहल यांविषयी या मंचावर एकाच धाग्यात लिहीत आहे. दोन्हींतून माझ्या मनात एकच प्रश्न उभा राहिला आणि तो तोडून मांडला तर अर्धवट राहील, असे वाटते.

आधी चित्रपटांविषयी. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंड'ला 2025 च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाल्याचे वाचले होते, त्यामुळे हा चित्रपट आपल्याला झेपेल का, अशी धास्ती होती. पण त्यातले दहा दिवसांचे सुतक, भावकीतल्या वडीलधाऱ्यांची लग्नाविषयीची टोचणी, दुपारच्या उन्हात सुस्तावलेले शिवार हे सगळे इतके ओळखीचे निघाले, की आमच्या दक्षिण सोलापुरातल्या घराच्या ओसरीवर बसल्यासारखे झाले. वडिलांच्या निधनानंतर मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाल्या यांच्यातली ओढ दिग्दर्शकाने कुठेही घाई न करता उलगडली आहे. आनंदच्या आईचे शहाणपण तर फार दिवस लक्षात राहील.

'दशावतार'मध्ये वयाची ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला बाबुली मेस्त्री केवळ थक्क करणारा आहे. पूर्वार्धातली कोकणातली रात्र, रंगपट आणि बापलेकाचे नाते मला फार आवडले. उत्तरार्धात कथा सूडाकडे वळल्यावर मात्र मी तिच्यापासून थोडी दूर गेले. 'आता थांबायचं नाय' हा मुंबई महापालिकेतल्या सफाई कामगारांनी रात्रशाळेत शिकून दहावीची परीक्षा देण्याचा चित्रपट आहे आणि तो पाहताना आमच्या सासूबाईंचे डोळे सतत भरून येत होते.

आता सहलीविषयी. सोलापूरहून अहिल्यानगरमार्गे नाशिक जवळजवळ 400 किलोमीटर पडते. गंगापूर धरणाच्या पाण्यालगतचे मळे, सकाळची थंडी, टेकड्यांवरचा धुरकट प्रकाश हे सारे सुखावणारे होते. आम्ही ज्या वाइनरीत गेलो, तिथल्या मार्गदर्शकाने पोलादी टाक्या दाखवल्या, ओक लाकडाच्या पिंपांची ओळख करून दिली, प्याला कसा धरावा आणि वास कसा घ्यावा हे फार आस्थेने सांगितले. सासूबाई मद्य घेत नाहीत, त्यांच्यासाठी द्राक्षरस होता. मात्र त्या वेली कोण छाटते, द्राक्षे कोणाच्या शेतातून येतात, त्याला भाव काय मिळतो याविषयी तास-दीड तासाच्या फेरीत एकही वाक्य आले नाही. खिडकीतून मात्र ओळींमध्ये वाकून काम करणाऱ्या बाया दिसत होत्या.

मला विचारायचे आहे ते हे. आपल्या चित्रपटांत आणि आपल्या सहलींत शेत हे सुंदर दृश्य म्हणून येते, पण शेतात राबणारा माणूस त्यात कितीसा येतो? अलीकडे पाहिलेल्या कोणत्या चित्रपटात तो तुम्हाला खरा भेटला? आणि आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ वाइनरी असताना आपण नाशिकला का जातो? तिथे कोणी गेले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

होटगी रोड

उत्तम विषय. तिन्हीपैकी मी केवळ 'आता थांबायचं नाय' पाहिला आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना विनोदाच्या पलीकडे इतका वाव मिळाल्याचे मी प्रथमच पाहिले. वाचत राहीन.

पहिला खेळ

भुईकोटताई, चित्रपटांविषयीच्या तुमच्या निरीक्षणांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु तुमचा प्रश्न 'साबर बोंड'ला लावणे मला अन्यायाचे वाटते. तो चित्रपट शेतीविषयी नाही. तो शोकाविषयी आहे आणि ज्यांच्या प्रेमाला गावात जागा नाही अशा दोन तरुणांविषयी आहे. त्यातले शिवार हे त्या दोघांना मिळालेला एकमेव आडोसा आहे, आणि म्हणूनच ते तसे दिसते. दिग्दर्शकाने तिथे पीकपाणी आणि बाजारभाव आणले असते तर त्याने आपल्याच गोष्टीचा धागा सोडला असता. प्रत्येक ग्रामीण चित्रपटावर शेतकऱ्याची बाजू मांडण्याची जबाबदारी टाकली, तर गावातल्या माणसाला प्रेम, वासना, कंटाळा, भीती यांचा अधिकारच उरणार नाही. आपल्या चित्रपटांनी अनेक वर्षे ग्रामीण माणसाला केवळ कर्जबाजारी किंवा केवळ विनोदी दाखवले. त्या दोन्हींतून सुटलेला चित्रपट आला असताना त्याच्याकडून पुन्हा तीच मागणी करू नये.

'दशावतार'च्या उत्तरार्धाविषयी माझे मत वेगळे आहे. बाबुली ज्या कलेत आयुष्यभर जगला, त्या कलेत अवतार हा अन्यायाच्या प्रतिकाराचाच मार्ग आहे, त्यामुळे कथेचे ते वळण मला बाहेरून आणलेले वाटले नाही. चित्रपटातला खाणीचा प्रश्न थोड्या उरकत्या हाताने हाताळला आहे, हे मात्र मान्य.

शेतातल्या माणसाला भेटायचे असेल तर आदिनाथ कोठारे यांचा 2024 साली प्रदर्शित झालेला 'पाणी' पाहावा, असे सुचवतो. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या कामावर तो आधारलेला आहे. पाण्याअभावी गावात मुली द्यायला कोणी तयार होत नाही, इथून कथा सुरू होते आणि लोकांना श्रमदानासाठी एकत्र आणताना होणारी दमछाक तो प्रामाणिकपणे दाखवतो. सोलापूर जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला त्यातले काहीच समजावून सांगावे लागत नाही.

नान्नजचा मळा

ताई, तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून द्राक्षबाग आहे. आमचे नान्नज बाहेरच्यांना माळढोक अभयारण्यामुळे माहीत असते, पण द्राक्षाच्या बाजारात नान्नज म्हटले की सोनाका आठवतो. ही लांब मण्यांची जात नानासाहेब काळे यांनी याच गावात थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीतून निवड करून पुढे आणली, आणि शरद सीडलेस हे काळे द्राक्षही त्यांचेच. म्हणजे ज्या जिल्ह्याला लोक केवळ चादरीने ओळखतात, त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने देशाला द्राक्षाच्या जाती दिल्या आहेत.

वाइनरीत तुम्हाला जे सांगितले गेले नाही, ते मी सांगतो. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करायची, त्यातून काड्या तयार होतात आणि उन्हाळ्यातच पुढच्या हंगामाचे घड त्या काड्यांच्या डोळ्यांत धरतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, जिला आम्ही गोडी छाटणी म्हणतो. छाटणीनंतर सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावावी लागते. पुढे फेल, म्हणजे नको असलेली फूट, काढणे, शेंडा खुडणे, घडांची विरळणी, आणि खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षाला मणी फुगवण्यासाठी जी.ए.च्या, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाच्या, द्रावणात घड बुडवणे ही कामे एकामागोमाग येतात. यांतले एकही काम यंत्र करत नाही. विरळणीच्या दिवसांत बागेत पहाटेपासून बायांच्या टोळ्या असतात, मांडवाखाली हात वर करून दिवसभर उभ्या राहतात आणि त्यांच्या माना आखडतात. तुम्ही खिडकीतून पाहिलेल्या बाया बहुधा अशाच एखाद्या टोळीतल्या असतील.

वाइनच्या द्राक्षाचे गणित वेगळे आहे. मणी लहान, साल जाड, आत बी, आणि दिसण्याला काही किंमत नाही. त्याला जी.ए. लागत नाही, विरळणीचा खर्च फारसा नाही. पण उत्पादन मुद्दाम कमी ठेवावे लागते, कारण वेलीवर माल जास्त झाला की रसात दम राहत नाही. खाण्याच्या द्राक्षाचा चांगला माल एकरी 10 टनांच्या आसपास निघतो, तर वाइनचा त्याच्या निम्म्याहून कमी घेतात. तोडणी कधी करायची हे शेतकरी ठरवत नाही, कंपनीचा माणूस गोडी आणि आम्लता तपासून ठरवतो. या थांबण्याच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला, तर जोखीम कोणाच्या अंगावर पडते, हे करारात काय लिहिले आहे त्यावर असते. करार करताना हेच कलम आधी वाचावे, असे मी आमच्या भागातल्या तरुणांना सांगतो.

चित्रपटांविषयी मला फारसे कळत नाही. हंगामात आम्हाला चित्रपटगृहात जायला सवड नसते.

अक्षता

मी निवृत्त शिक्षिका आहे. नान्नजच्या दादांनी जे लिहिले, ते आमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकात असायला हवे होते. पण मला एक शंका मनापासून मांडायची आहे. आपला जिल्हा पंढरीचा आहे, वारकऱ्यांचा आहे. वाइनरीची सहल म्हणजे कुटुंबाने, मुलाबाळांसह, मद्याच्या कारखान्यात फिरायला जाणे, आणि त्याला आपण 'कृषी पर्यटन' असे गोंडस रूप देतो. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी माझ्या वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यांवर वाचली आहेत. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 1000 चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा द्राक्ष उत्पादकांच्या भल्याचेच कारण दिले गेले होते. शेतकऱ्याचे नाव पुढे करून मद्याला प्रतिष्ठा द्यायची, हे मला पटत नाही. कोणाच्या आनंदावर विरजण घालण्याचा हेतू नाही, परंतु हा विचारही धाग्यात असावा.

किण्व

अक्षता काकू, तुमच्या शंकेला मी आदराने उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी मूळचा सोलापूरचा असून नाशिकजवळ वाइन उत्पादनात काम करतो. मद्य हे मद्यच आहे आणि वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते, हे लपवून कोणी ती आरोग्याचे पेय म्हणून विकत असेल, तर मीही त्याला विरोध करीन. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय 21 वर्षे आहे आणि चाखण्याच्या खोलीत ते काटेकोरपणे पाळले गेले पाहिजे. लहान मुलांना तिथे नेऊ नये, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे.

मात्र द्राक्ष उत्पादकाचा संबंध केवळ नावापुरता आहे, असे म्हणता येणार नाही. राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, तेव्हापासून नाशिक परिसरातल्या अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. काहींना त्याचा लाभ झाला आणि काहींनी मागणी घटल्यावर बागा काढूनही टाकल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि वाइनरीच्या फेरीत दोन्ही सांगितल्या गेल्या पाहिजेत, असे भुईकोटताईंप्रमाणे मलाही वाटते.

फेरीत न सांगितलेले आणखी काही इथे लिहितो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस सालीपासून लगेच वेगळा करतात आणि थंड तापमानाला आंबवतात. लाल वाइनमध्ये रस सालीसह आंबतो, रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो. आंबताना साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो आणि तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा किंवा भिजवावा लागतो. हंगामात हे काम रात्रपाळीतही चालते. तोडणी शक्यतो पहाटे, ऊन चढण्याआधी करतात, कारण तापलेली द्राक्षे कारखान्यात पोहोचेपर्यंत बिघडू लागतात. ज्या ओक पिंपांची छायाचित्रे सगळे काढतात, त्यांतल्या नेहमीच्या पिंपात 225 लिटर वाइन मावते. 750 मिलीलिटरच्या एका बाटलीमागे साधारण एक किलोहून थोडी अधिक द्राक्षे लागतात. युरोपात वेली हिवाळ्यात झोपतात, आपल्याकडे झोपत नाहीत. म्हणून नान्नजच्या दादांनी सांगितलेली दुहेरी छाटणी करून आपण पीक कोरड्या हिवाळ्यात आणतो. उष्ण प्रदेशात द्राक्ष घेण्याचे सारे कसब त्या छाटणीत आहे आणि पाहुण्यांना कात्री हातात देऊन ते दाखवता येईल.

होटगी रोड

एका बाटलीला किलोभर द्राक्षे लागतात, हे प्रथमच कळले. आता बाटलीवरची किंमत वेगळ्या नजरेने वाचली जाईल.

नीरेकाठ

मी अकलूजची. भुईकोटताईंच्या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर देते. आमच्या माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेल्ली वाइनरी आहे. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी ती उभारली. मोटेवाडी, निमगाव आणि गारवाड अशा तीन ठिकाणी तिचे मळे आहेत. वाइन घडवण्याचे काम इटलीतल्या तोस्काना भागातल्या पिएरो मासी यांनी हाती घेतले. सांजोवेझे ही इटलीची द्राक्षजात आमच्या माळरानावर रुजवली गेली आणि त्यांची 'सेत्ते' ही वाइन सांजोवेझे व काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून होते.

ज्या माळावर पूर्वी कुसळांखेरीज काही दिसत नव्हते, तिथे आता ओळीने वेली उभ्या आहेत. खाण्याच्या द्राक्षासारखा मांडव इथे नसतो. उभ्या तारांवर वेल चढवलेली असते, त्यामुळे ओळींमधून चालत जाता येते आणि घड कमरेच्या उंचीवर दिसतात. कोरडी हवा, दिवसाचे ऊन आणि हिवाळ्यातल्या रात्रीची थंडी यांचा फळाला उपयोग होतो, असे इथले काम करणारे सांगतात. आमच्या शेजारच्या वस्तीतल्या काही बायांना तिथे बागकाम मिळाले आहे आणि फ्रेंच-इटालियन जातींची नावे त्यांच्या तोंडी इतकी सहज असतात, की ऐकताना मला अभिमान वाटतो.

तुम्ही विचारलेत, की आपण नाशिकलाच का जातो. माझ्या मते नाशिकला मुंबई आणि पुणे जवळ आहेत, गंगापूर धरण आहे, मुक्कामाच्या भरपूर सोयी आहेत आणि पंचवीस वर्षांची सवय झाली आहे. नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन 2000 साली आली, तेव्हापासून 'द्राक्षांची सहल म्हणजे नाशिक' हे समीकरण बसले. अकलूजला येताना आधी दूरध्वनी करून भेटीची वेळ ठरवावी लागते, हे लक्षात ठेवावे. सोलापूरहून पंढरपूरमार्गे अंतर साधारण 115 किलोमीटर आहे. वाटेत वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे, ते चुकवू नये. अक्षता काकूंसारख्या ज्येष्ठांना पंढरपूर, वेळापूर आणि अकलूजचा किल्ला दाखवून आणता येईल. वाइनरीत गेलेच पाहिजे, असे मुळीच नाही.

मालदांडी

मंगळवेढ्याहून नमस्कार. वाइन बाजूला ठेवा. आपल्या जिल्ह्याची हिवाळ्यातली खरी सहल म्हणजे हुरडा. काळ्या रानात शेकोटीभोवती बसून गरम हुरडा, शेंगा चटणी, गूळ आणि ताक. तिथे यजमान स्वतः शेतकरी असतो आणि तोच कणीस भाजून तुमच्या हातावर चोळून देतो. भुईकोटताईंना जो न दिसणारा माणूस शोधायचा आहे, तो तिथे सगळ्यांच्या मधोमध बसलेला असतो.

भुईकोट

मालदांडी, तुम्ही अगदी नेमके बोट ठेवलेत. हुरड्याच्या रानात ज्वारी कोणाची, हे विचारावे लागत नाही. वाइनरीत आणि हुरड्याच्या रानात फरक कुठे पडतो, याचा मी विचार करते आहे. मला वाटते की वाइनरीत शेतकऱ्याच्या आणि पाहुण्याच्या मध्ये कारखाना येतो, आणि मग फेरी कारखान्याची होते.

पहिला खेळ, तुमचा आक्षेप मी पुन्हा वाचला. 'साबर बोंड'मध्ये शेतीचे प्रश्न यावेत, अशी माझी मागणी नव्हती. उलट माणूस आणि जमीन एकमेकांना किती घट्ट चिकटलेली असतात, हे त्या चित्रपटाने दाखवले म्हणूनच नाशिकची फेरी मला कोरडी वाटली. पण 'आडोसा' हा तुमचा शब्द त्या शिवाराला फार योग्य आहे.

पहिला खेळ

धन्यवाद, ताई. तसे असेल तर आपण एकाच बाजूला आहोत.

द्राक्षमळ्यांच्या सहलीचा विषय निघालाच आहे तर अलेक्झांडर पेन यांच्या 2004 सालच्या 'साइडवेज'चा उल्लेख करणे आवश्यक वाटते. दोन मध्यमवयीन मित्र कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा परिसरात वाइनरी पाहत हिंडतात, एवढीच गोष्ट. त्यातला निराश लेखक मर्लो या द्राक्षाच्या वाइनवर आग पाखडतो आणि पिनो न्वार या नाजूक द्राक्षाविषयी जे बोलतो, त्यातून तो स्वतःविषयीच बोलत असतो. त्या चित्रपटानंतर अमेरिकेत पिनो न्वारची मागणी वाढली आणि त्या परिसरात पर्यटकांची रीघ लागली. चित्रपट म्हणून तो मला फार प्रिय आहे. तरी भुईकोटताईंच्या प्रश्नाच्या उजेडात पाहिले, तर त्यातही वेली कोण छाटते ते दिसत नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारे उदाहरण 'सैराट'चे आहे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांनी करमाळ्याचा परिसर पडद्यावर आणला आणि 2016 नंतर लोक ती ठिकाणे पाहायला येऊ लागले. आपल्या द्राक्षपट्ट्यावर, छाटणीपासून बेदाण्यापर्यंतच्या वर्षावर, असा एखादा चित्रपट का निघू नये? दुष्काळ, टँकरच्या पाण्यावर जगवलेली बाग, घड भरले असताना आलेली गारपीट, विरळणीच्या टोळीतली एखादी मुलगी. यापेक्षा अधिक नाट्य कुठून आणायचे?

होटगी रोड

चित्रपट निघाला तरी तो सोलापुरात पाहायला मिळेल का, हा माझा प्रश्न आहे. चांगल्या मराठी चित्रपटाला इथे दुपारी अडनिड्या वेळी एक खेळ मिळतो आणि पुढच्या शुक्रवारी तो गेलेला असतो. नोकरी करणाऱ्याने पाहायचा कधी? पूर्वी भागवत चित्रपटगृहात मराठी चित्रपट आठवडेच्या आठवडे चालत, कारखान्याच्या पाळ्या सांभाळून लोक रात्रीच्या खेळाला जात, असे वडील सांगतात. तो प्रेक्षक अजून शहरात आहे. खेळाची वेळ मात्र त्याच्या सोयीची राहिलेली नाही. आपण काही जणांनी एकत्र येऊन ठरावीक संख्येने तिकिटे घेण्याची हमी दिली, तर संध्याकाळचा खेळ लावायला चित्रपटगृहे तयार होतात, हा आमच्या कार्यालयातल्या मंडळींचा अनुभव आहे. 'आता थांबायचं नाय' आम्ही तसाच पाहिला.

अक्षता

ही कल्पना मला फार आवडली. असा गट केलात तर माझे आणि माझ्या मैत्रिणींचे नाव त्यात धरावे. 'आता थांबायचं नाय' आमच्या वयाच्या बायांनी पाहायलाच हवा. दहावी अर्ध्यावर सोडलेल्या कितीतरी जणी माझ्या ओळखीत आहेत.

किण्व यांनी सरळ उत्तर दिले, त्याबद्दल आभार. माझा विरोध कायम आहे, पण बागा काढून टाकणाऱ्या शेतकऱ्यांचा उल्लेख तुम्ही स्वतःहून केलात, याचे मला समाधान वाटले. एक विचारते, द्राक्षापासून मद्याखेरीज दुसरे काही करून शेतकऱ्याला टिकता येत नाही का?

नान्नजचा मळा

काकू, येते आणि आपला जिल्हा त्यात पुढेच आहे. पंढरपूर तालुक्यातल्या कासेगाव भागात बेदाण्याची शेड ओळीने उभी आहेत. पिकलेली द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात, त्यामुळे सालीवरचा मेणाचा थर निघतो आणि पाणी लवकर उडते. मग जाळीच्या रॅकवर पसरून सावलीत वाळवतात. हवा कोरडी असली तर पंधरवड्याच्या आत बेदाणा तयार होतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. ताज्या मालाचा भाव पडला की शेतकरी बेदाण्याकडे वळतो, कारण तो शीतगृहात ठेवून सवडीने विकता येतो. वाळायला टाकलेल्या मालावर पाऊस आला, तर मात्र तो काळा पडतो आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. मार्च महिन्यात आमच्या भागात ढग आले की घराघरात जेवण जात नाही.

पहिला खेळ यांनी चित्रपटाविषयी लिहिले आहे, त्यावर एवढेच सांगतो, की कोणी काढणार असेल तर त्याने एक पूर्ण वर्ष बागेत यावे. एप्रिलच्या खरड छाटणीला बाग पार बोडकी दिसते. त्या वेळी पाणी देण्यासाठी शेतकरी कर्ज काढतो आणि समोर एकही घड नसतो. चित्रपटवाले नेहमी भरलेली बाग दाखवतात, पण शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो बोडक्या बागेत.

किण्व

दादांचे अखेरचे वाक्य आमच्या फेरीच्या मार्गदर्शकांना वाचून दाखवणार आहे. आमच्या इथे पाहुण्यांच्या फेरीची सुरुवात टाकीपासून न करता छाटणीच्या ओळीपासून करावी आणि तिथे काम करणाऱ्या बायांनीच पहिली दहा मिनिटे बोलावे, त्याचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा, असा प्रस्ताव मी वरिष्ठांपुढे ठेवतो. काय होते ते इथे कळवीन.

नीरेकाठ

आमच्या शेजारच्या बायांना हे सांगितले. त्यांतल्या एकीने लगेच विचारले, की बोलायचे मराठीतच ना?

भुईकोट

मराठीतच, असे त्यांना माझ्या वतीने नक्की सांगावे.

आता माझा बेत सांगते. फेब्रुवारीत आम्ही पंढरपूर, कासेगाव, वेळापूर आणि अकलूज असा फेरफटका करणार आहोत. सासूबाई आणि अक्षता काकू येणार असतील तर त्यांच्यासाठी मंदिरे आणि बेदाण्याचे शेड, बाकीच्यांसाठी वाइनरी. परतताना मंगळवेढ्याकडून आलो तर हुरडा मिळेल का, हे मालदांडी यांनी सांगावे. संध्याकाळच्या खेळासाठीच्या गटाची यादी होटगी रोड यांनी वेगळ्या धाग्यात सुरू करावी. पहिला चित्रपट 'पाणी' मिळाला तर उत्तम. नान्नजच्या दादांना विचारायचे आहे, की त्या दिवसांत तुमची बाग पाहायला आलो तर कामात अडथळा होईल का?

मालदांडी

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उशिरा पेरलेल्या रानात हुरडा मिळेल. त्यानंतर दाणा टणक होतो. आधी कळवले तर आमच्याच शिवारात सोय करतो.

नान्नजचा मळा

ताई, अवश्य या. तोडणी चालू असली तर सकाळी सातच्या आत या, नंतर माल गाडीत भरायची गडबड असते. फवारणी झालेल्या बागेत मी कोणाला नेत नाही, म्हणून येण्याच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. मांडव खाली आहे, उंच माणसांना वाकून चालावे लागते. वेलीवरचा घड मुलांनी ओढू नये, मी कात्री देईन, देठाला धरून कापायला शिकवतो. काकूंना बसायला बांधावर खाट टाकून ठेवतो. दुपारी भाकरी आमच्याकडेच.